सात चाळीस ते नऊ दहा

३ एप्रिल १९९३, शनिवार
हमद टाउन, बहरीन

मंगला, जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? तेल कोमट करूनच चोळ, गार तेलाने नुसता पदर माखतो. चंपाआत्याच्या डोळ्यांची पट्टी सुटली का? सुटल्याबरोबर तिने सुनेच्या भाकरीला नाव ठेवलं असेल, तर डोळे बरे झाले समज. अक्षताचा खोकला थांबला का, आणि तिचा तो बारका, त्याला दात आले का? आणि आपली कानतुटकी शेळी? मी गेल्याचं तिला काही वाटलं, की चाऱ्याशी मतलब? एकेकाचं वेगळं लिही. ‘सर्व ठीक’ असं एका ओळीत उरकू नकोस.

पत्र लिहायला बसलो आणि ध्यानात आलं, की माझं बोलणं एका कागदात मावायचं नाही. म्हणून दोनशे पानी वही आणली. तारीख टाकून लिहीत जाईन. कुणी सुट्टीवर आपल्या बाजूला निघालं, की त्याच्या हाती देईन.

प्रवास सुखाचा झाला. विमानतळावर ताहिर गाडी घेऊन आला होता. बाणकोटचा आहे, ड्रिलिंगची मशीन चालवतो, वय तीस-बत्तीस. मला बघून म्हणाला, की कंपनीने अनुभवी माणूस पाठवतो म्हटलं होतं, आख्खे आजोबाच पाठवले. मी म्हटलं, आजोबा तर आजोबा, पण पेटी लावायला माझ्यासारखा शोधून दाखव. तेव्हापासून मला चाचा म्हणतो.

काम तेच, जे धरणावर तेवीस वर्षं केलं. जमिनीला भोक पाडून दगडाची जी लांब कांडी वर येते, तो कोर. तो धुवायचा, लाकडी पेटीच्या खणांत वरून खाली ओळीने मांडायचा, खोलीचे आकडे मीटरमध्ये टाकायचे. मी शाळा बघितली नाही, तुला ठाऊक आहे. आकडे मी पेट्यांवर शिकलो, अक्षरं त्यांच्या मागोमाग आली. छप्पन्नाव्या वर्षी त्याच विद्येने समुद्रापार आणलं. झोप छान लागते आहे.

९ एप्रिल, शुक्रवार

आज सुट्टी. ताहिरने डोंगर दाखवला. डोंगर म्हणजे आपल्या मेहकरच्या माणसाला हसू येईल, पण ऐक तरी.

हे बेट म्हणजे तव्यावर टम्म फुगलेली भाकर. फार जुन्या काळी जमीन अशी खालून फुगली. मग वाऱ्यापावसाने वरचा पापुद्रा मधोमध खाऊन टाकला. उरली भोवतालची कडा आणि मधे खळगा. म्हणून इथले कडे आतल्या बाजूला तोंड करून उभे आहेत, जेवणाच्या पंगतीत बसल्यासारखे. आणि खळग्याच्या मधे एकटा उभा जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. धूरबीर नाही. दमट हवेत तो धुरकट दिसतो, एवढंच. उंची साडेचारशे फुटांच्या आत. दगड पांढरा-पिवळा, चुनखडीचा. नखाने ओरखडा काढला तर पीठ निघतं. त्यात शिंपले सापडतात. एक मी अक्षताच्या बारक्यासाठी ठेवला आहे.

आमचं काम कड्याच्या माथ्यावर. तिथे पाण्याची मोठी टाकी व्हायची आहे, म्हणून आधी भोकं पाडून दगड तपासायचा. माझी पेट्यांची शेड कड्यालगतच, चौथ्या भोकापासून पन्नास पावलं.

दगड तपासणारे हार्मन साहेब अमेरिकेतल्या अपालाचियन रांगेतले. ते बोलले, ताहिरने मला समजावलं. त्यांच्या गावामागची रांग म्हणजे घड्या घातलेली वाकळ. वरच्या घड्या झिजल्या, मऊ दगड वाहून गेला, कठीण वाळूच्या दगडाची तेवढी कणा निघाल्यासारखी रांग राहिली, मैलोगणती सरळ. तिच्या पायथ्याच्या दरीत मात्र चुनखडी. तिथे वाहता ओढा मधेच जमिनीत शिरतो आणि पुढे कुठे निघेल ते सांगता येत नाही. साहेबांचा आजा म्हणे गाय शोधायला गेला तर कुरणात गायीएवढं भोक. ताहिरने विचारलं, गाय सापडली का? साहेब म्हणाले, घंटा ऐकू यायची. आम्ही तिघेही खूप हसलो.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. मनामाला, म्हणजे इथल्या राजधानीत, बाब अल बहरीन नावाच्या वेशीमागे एका खोलीत आपली वीस-पंचवीस माणसं जमली. कुणी ऑफिसात, कुणी वीज दुरुस्तीला. वंदना झाली, खीर झाली. ताहिर मला सोडायला आला आणि जोडे काढून मागे बसून राहिला. खीर दोन वाट्या खाल्ली. जाताना म्हणतो, चाचा, तुमच्या बाबासाहेबांनी तुम्हाला लिहायला लावलं ते बरं झालं, नाहीतर एवढं बोलणं तुम्ही आमच्याच कानात ओतलं असतं.

त्याच्या आईचं नाव मुनीरा. एकटीच असते. तिला तो दर आठवड्याला पत्र टाकतो. मला म्हणाला, तुमच्या मंगलाकाकूंची आणि माझ्या अम्मीची ओळख करून देऊ, दोघी मिळून आपल्याला नावं ठेवतील. पत्ता त्याने इथेच लिहून दिला आहे, वहीच्या शेवटच्या पानावर बघ.

१७ एप्रिल, शनिवार

आज एक घोळ झाला, तो मी निस्तरला.

चौथ्या भोकाची पेटी गाडीवाला ठेवून गेला. ताहिर मशीन घेऊन पाचव्या भोकावर गेला होता, पलीकडच्या टोकाला. पेटी उघडतो तर दोन खण जवळजवळ रिकामे, आणि मधे लाकडाचा ठोकळा. त्यावर त्याच्या हातचं: ७.४० ते ९.१०, कोर मफी. मफी म्हणजे नाही. तेवढं अरबी मलाही येतं.

पाच-साडेपाच फूट कोर गायब! आपल्याकडच्या काळ्या पाषाणात वीतभर कांडी कमी भरली तर साहेब पेटीवाल्याला उन्हात उभं करायचे. मी उभा राहिलो आहे, चारचौघांत. काळा दगड हरवत नाही, माणूस हरवतो, असं म्हणायचे. म्हणजे या पोराने मशीनवरून उतरवताना कोर सांडला आणि खरेपणाने लिहून टाकलं. मंगळवारी साहेब फोटो काढायला येणार. पोराला बोलणी बसणार.

शेडमागे दुसऱ्या भोकाचे टाकाऊ तुकडे पडलेच होते. तोच रंग, तीच जाडी. धुतले, टोकाला टोक जुळवलं, खण भरले. ठोकळा चुलीत घातला, त्यावर चहा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला सांगणारही नाही, उगाच लाजेल.

२० एप्रिल, मंगळवार

साहेब आले. पेट्यांवर पाणी मारलं की दगडाचा रंग खुलतो. मारलं, फोटो झाले. चौथ्या भोकापाशी वाकून त्यांनी बराच वेळ बघितलं.  मग अंगठा वर केला आणि वहीत लिहिलं. पाठीवर थाप मारून गेले. ताहिर नव्हता, त्यामुळे काय म्हणाले ते कळलं नाही, पण थापेला भाषा लागत नाही.

१ मे, शनिवार

ताहिर जेवायला होता. सुकट केली होती, तुझ्यासारखी नाही जमली. जेवता जेवता त्याने विचारलं, की चौथ्या भोकाची पेटी साहेबांनी नीट बघितली ना? मी म्हटलं, बघितली, खूश झाले. त्याने भात चिवडला. मग म्हणाला, की टाकीचं खोदकाम तिथेच धरलं आहे, मला वाटलं होतं जागा बदलतील. पण साहेबाने बघून सांगितलं म्हणजे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी फक्त खूण ठेवायची, बघणारा तो.

मला तेव्हा काहीतरी टोचलं. सांगावं वाटलं, की बाबा, ती खूण मी काढली. तोंडात घास होता. घास गिळेपर्यंत त्याने माझ्या भाताची थट्टा सुरू केली, आणि राहिलं.

३ मे, सोमवार

मंगला, ताहिर गेला.

सकाळी आठ वाजता. खोदायचं मोठं मशीन चौथ्या भोकावर नेलं. ताहिर पुढे उभा राहून हाताने जागा दाखवत होता. मी शेडच्या दारातून बघत होतो. आवाज झाला तो मोठा नव्हता. माठ फुटतो तेवढाच. आणि जमीन खाली गेली. मशीनचं पुढचं तोंड लटकलं, चालवणारा मागून उडी मारून वाचला. ताहिर उभा होता तिथे भोक. गायीएवढं.

मी धावलो. काठावर सगळ्यांनी मला धरून ठेवलं.

५ मे, बुधवार

दोन दिवस उपसतात आणि तेवढीच वाळू वरून येते. आज थांबवलं. कडेची जमीन धोक्याची आहे म्हणाले. त्याची पिवळी टोपी तेवढी मिळाली. रोजच्या नोंदींची त्याची वही त्याच्या खिशातच असायची. तीही खालीच.

हार्मन साहेब जमिनीवर बसून होते. बोटांनी मला दाखवत होते, वर दगड, खाली पोकळ, खाली दगड. मग हात पसरून विचारत होते, पेटीत का नव्हतं? पेटीत का नव्हतं?

आता कळलं. चुनखडीत कोर हरवत नसतो. तिथे दगडच नसतो. ते हरवलेलं नव्हतं, सापडलेलं होतं. पोराने साडेपाच फूट पोकळी शोधून बरोबर आकडे टाकून ठेवली होती, आणि मी ती दगडाने भरली. गायीची गोष्ट ऐकून मी हसलोही होतो.

९ मे, रविवार

चौकशी. टेबलामागे तिघे, एक हिंदी बोलणारा. विचारलं, की ड्रिलरने कोर नसल्याची खूण पेटीत ठेवली होती का?

मी नाही म्हणालो.

मंगला, तोंडातून निघून गेलं. तुरुंग दिसला, पासपोर्ट त्यांच्याकडे आहे तो दिसला, तू दिसलीस. कागद पुढे आला. मी सही केली. सही शिकलो तेव्हा तू गूळ वाटला होतास, त्याच सहीने.

कागदात लिहिलं आहे, की ताहिरने पोकळी कळवली नाही, त्याच्याच हलगर्जीपणाने झालं. असंच त्याच्या आईला कळवणार आहेत. महिनाअखेर पत्र जाईल.

१५ मे, शनिवार

दुपारी बारा ते तीन काम बंद असतं. सगळे खोलीवर जातात, मी शेडमध्येच पडतो. आज आडवा होतो तर चौथ्या भोकाच्या पेटीत खरखर झाली. उंदीर म्हणून उठलो. दोन खण रिकामे होते. मी भरलेले तुकडे नव्हते. खाली नव्हते, बाजूला नव्हते. लाकूड ओलं होतं आणि मधे ठोकळा.

७.४० ते ९.१०. मफी. ताहिरचा सात, पोटात आडवी रेघ मारलेला.

ठोकळा मी जाळला होता. त्यावरचा चहा मी प्यायलो होतो.

तीन वाजता गाडी आली, गाडीवाला आत आला. पेटी भरलेली.

१८ मे, मंगळवार

आजही. पण आकडा वेगळा. ६.२० पासून मफी. आणखी एक खण रिकामा झाला.

मी डोकं खाजवत बसलो, मग कळलं. पोकळी तिथून पन्नास पावलं इकडे, शेडखालीही पसरली असणार, आणि वर येते आहे. छत खाली पडत पडत, भोक वर सरकतं आहे.

आणि टकटक. ताहिर भोक संपलं की हातोडीने रॉडवर दोनदा मारायचा, बस, खलास, वर घ्या, अशी खूण. दोनदा, थांबून दोनदा. पायाखालून.

२० मे, गुरुवार

४.९०.

साहेबांना सांगायला गेलो. आता मधे बोलणारा कुणी नाही. मी म्हटलं, साब, बॉक्स, मी, मिस्टेक. त्यांना वाटलं मी रडतो आहे म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचे डोळे सुजलेले. हात धरून शेडमध्ये आणलं, पेटी दाखवली. भरलेली. टोकाला टोक जुळवलेलं, माझ्या हातचं, सुबक. ते बघत राहिले. मग पाठीवर थाप मारली.

ती थाप अजून पाठीवर आहे.

२३ मे, रविवार

३.०५.

दगड हाताने फेकून देऊन बघितले. कुणी आलं की पुन्हा भरलेले. जे मी एकदा केलं ते आता आपोआप होतं. मी भरलं होतं तसंच, तुकडा तुकडा तोच.

कागदावर लिहून द्यावं तर मला इंग्रजी येत नाही. हिंदीवाल्याला सांगावं तर तो म्हणतो सही झाली, चाचा, घरी जा, बुढापा सांभाळ. सगळे माझ्याशी गोडच वागतात. कुणी शिवी दिली असती तर.

२५ मे, मंगळवार

१.६०. शेडच्या फरशीवर काठी आपटली. ठक ठक, ठक ठक, मग पेटीखाली आवाज बदलला. रांजणासारखा.

दाराबाहेर घट्ट आहे. दाराबाहेर झोपायला हवं. पण पेटी आत—

भीती वाटते. त्याची नाही वाटत. तो वर आला आणि त्याने विचारलं, तर—

२६ मे, बुधवार

०.७०

उद्या अकराला साहेब शेवटचे फोटो काढणार. मग पेट्या जातील. मग मुनीराबाईंना पत्र जाईल.

आज एक सापडलं. खण रिकामा असताना मी हात आत घातला, गाडीवाला आला, आणि खण भरला नाही. हात होता म्हणून. त्याने बघितलं, इतकी मोकळी जागा कशी म्हणाला. ठोकळाही बघितला, वाचला. मी दचकून हात काढला, आणि खलास, भरलं. तो डोळे चोळत गेला.

हात आत असला की खोटं परत जमत नाही. एवढंच करायचं आहे. बसून राहायचं.

२७ मे, गुरुवार

साडेदहा. सगळीकडे लख्ख ऊन. ०.३० लिहिलं आहे.

डावा हात पेटीत, वही गुडघ्यावर. खण उघडे आहेत, सगळे, पहिल्यापासून. फरशीला चीर गेली, पेटीच्या एका कोपऱ्यापासून माझ्या टाचेपर्यंत. उठावं का? उठलो तर भरेल.

साहेबांची गाडी दिसते, कड्याच्या वळणावर, धूळ—

मंगला, पेटीला तळ नाही आता. हात खांद्यापर्यंत गेला. खाली गार आहे. खाली कुणीतरी माझा हात धरला. ओढत नाही. नुसता धरला आहे, आजाऱ्याचा धरतात तसा. बोटांना वाळू. मी हलू नये म्हणून धरला असेल, की मी—

धरू दे. त्याचा हक्क आहे.

गाडी थांबली. दार वाजलं. अजून थोडं, पोरा. बघू दे त्यांना.

मंगला, या वहीचं उत्तर लवकर लिही, पण मला नको. शेवटच्या पानावर पत्ता आहे, मुनीराबाईंना लिही, आजच लिही, आमच्या यांनी सांगितलंय म्हणून लिही, की तुमच्या ताहिरने खूण ठेवली होती, अगदी बरोबर ठेवली होती, ती ज्याने काढली तो